पुगो दारू आणायला गेलाय

एल्मर वासिंगला दारू चढायची, नाही असं नाही. पण चढण्याआधी तो तिला गुण द्यायचा. ग्लास हातात घेऊन डोळे मिटायचे आणि ‘पिकल्या चेरीचा वास येतोय, मागून जरा ओली माती’ असं पुटपुटायचं, असल्या मंडळींतला तो नव्हे. त्याची एक लांबोडकी वही होती. तिच्यात दर दारूसाठी पाच रकाने: बळ, चपळाई, अक्कल, मोहिनी आणि निष्ठा. प्रत्येकाला विसापैकी गुण, कारण त्याच्या खेळातल्या फाशाला वीस बाजू होत्या. आणि त्या फाशात जे बसत नाही ते मोजायच्या भानगडीत पडू नये, असं त्याचं पक्कं मत होतं.

फिलिपिन्समधल्या बागिओच्या बाजारात पर्यटकांना विकतात ती स्ट्रॉबेरीची वाइन घ्या. तिच्यापुढे नोंद होती: बळ चार, अक्कल दोन, मोहिनी सतरा. गोड हसते, पाठीत सुरा खुपसते आणि सकाळी आपण डोकं धरून बसलो की विचारते, काय झालं हो? रानातल्या काळ्या बुगनाय बोरांची वाइन: बळ बारा, निष्ठा पंधरा. कमी बोलते, लग्न करावं तर हिच्याशी. खाण्याच्या जिनसाही सुटायच्या नाहीत. एताग म्हणजे खारवून आठवडेच्या आठवडे टांगलेलं डुकराचं मांस. ते बळ एकोणीस, मोहिनी शून्य. दारातून आत आलं की सगळे आपोआप गप्प बसतात.

त्याची आई म्हणायची, “पोरींना असेच गुण देत बसतोस, म्हणून अडतीस वर्षांचा घोडा झालास तरी घर रिकामं.”

“आई, तुला चपळाईत अठरा दिलेत.”

“आणि अकलेत?”

इथं एल्मरला हटकून आठवायचं, की खाली दुकानात गिऱ्हाईक खोळंबलंय.

दुकान संगणक दुरुस्तीचं, ऑरोरा हिलच्या उतारावर, इतक्या तिरक्या जागी की टेबलावरचा स्क्रू सुटला तर तो शेजारच्या घरात शोधावा लागे. वरच्या माडीवर दर शनिवारी दुपारी दोनला खेळ बसायचा. खेळ तसा सोपा. एल्मर गोष्ट सांगणार, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होणार. ज्याच्या त्याच्या माणसाचा एक कागद. त्याच्यावर गुण, हत्यारं, खोडी, भीती, सगळं. काय करायचं ते आपण ठरवायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार. असले खेळ जगात ढिगानं खेळतात. पण एल्मरच्या टेबलाचा एक नियम दुसरीकडं कुठं नसेल. गोष्टीतला माणूस जे खाईल-पिईल, ते खेळणाऱ्यानं तिथल्या तिथं खायचं-प्यायचं.

म्हणजे दलदलीतल्या म्हातारीनं भाजलेलं रताळं दिलं की टेबलावर भाजलेलं रताळं यायचं. एकदा डेक्स्टरच्या योद्ध्याला राजानं कैदेत टाकलं. डेक्स्टर जीपनी, म्हणजे इथली प्रवासी जीपगाडी, चालवतो, बसला की खुर्ची दिसत नाही एवढा देह. तो बिचारा तीन शनिवार शिळा भात आणि पाणी घेऊन बसला, आणि शेजारी जोव्हेलिन कोंबडीच्या रश्शात भात कालवून भुरके मारत होती. चौथ्या शनिवारी त्यानं तुरुंगाची भिंत फोडली. फाशावर वीस पडले होते खरे. पण दोन पडले असते तरी त्या दिवशी भिंत काही वाचत नव्हती.

जोव्हेलिन सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि शनिवारी चेटकीण. दोन्हीकडं लोक तिला सारखेच टरकून असत.

आणि चौथा होता मनोंग कालिक्तो. इथं वडीलधाऱ्या माणसाला मनोंग म्हणतात, बाईला मनांग आणि धाकट्याला आदिंग. हा म्हातारा यायचं काही कारण नव्हतं. सोन्याच्या खाणीत एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस, रेडिओ दुरुस्तीला घेऊन आला, एल्मर वर होता म्हणून जिना चढला आणि दारात तासभर उभा राहिला. टेबलावरचे दोघे एका राक्षसाला पुलावर घेरून कापायच्या बेतात होते. म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि विचारलं, “त्याला कुणी जेवायला विचारलं का?”

एल्मरनं नियमांचं पुस्तक चाळलं. राक्षसाला जेवायला विचारण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मग त्यानं कालिक्तोच्या हातात फासा दिला.

तर असा पुगो जन्मला. बुटका, पोटसुटा आचारी, पाठीवर कढई. पुगोनं चार वर्षांत एकदाही हत्यार उचललं नाही. लांडगे आले, एताग टाकला. दरोडेखोर आले, शेंगांचं कालवण केलं. आणि पेला उचलण्याआधी पहिला घोट तो जमिनीवर सांडायचा, मेलेल्यांसाठी, घरी सगळेच सांडतात तसा. जोव्हेलिन ओरडायची, “मनोंग, सगळ्या शत्रूंना जेवू घातलंस तर आम्ही मारायचं कुणाला?” म्हातारा म्हणायचा, “तू दवाखान्यात मारतेसच की.”

या पुगोच्या दारूसाठी लागणारी खरी दारू कालिक्तो कोटात लपवून घरनं आणायचा. ती त्याच्या बायकोची, मनांग रुफिनाची. तांदळाची तापुय दारू तिच्यासारखी अख्ख्या टेकडीवर कुणाला जमत नसे, आणि तिच्यासारखी जीभही कुणाला नव्हती. आपला साठीचा नवरा शनिवारी बुटका आचारी होतो आणि त्यासाठी आपल्या बाटल्या पळवतो, हे तिला कळलं असतं तर आचारीच कढईत गेला असता. म्हणून कालिक्तो तिला सांगायचा, निवृत्त खाणकामगार संघटनेची सभा आहे. टेबलावर सगळ्यांनी शपथ घेतली होती, की ही गोष्ट जिन्याच्या खाली उतरणार नाही.

एल्मरच्या वहीत या दारूची नोंद मोठी चमत्कारिक होती. पहिले चार महिने बळ पाच, निष्ठा सहा, जराशी आंबट. पाचव्या महिन्यापासून एकदम सगळे रकाने सोळाच्या वर. समोर शेरा: ‘हवामानाचा परिणाम असावा.’

तीन वर्षांपूर्वी मनोंग कालिक्तो गेला. खाणीची धूळ छातीत होतीच, ती शेवटी वरचढ झाली. दिवसकार्याला चार दिवस माणसं अंगणात बसून होती, डुकरं कापली गेली, गाणी झाली. कुणीतरी एल्मरच्या हातात तापुयचा पेला दिला. त्यानं एक घोट घेतला आणि सवयीनं, काय करतोय हे कळायच्या आत, कागदी रुमालावर लिहिलं: बळ आठ, मोहिनी पंधरा, निष्ठा दोन. पेले गोळा करत आलेल्या रुफिनानं तो रुमाल पाहिला, घडी घातली, खिशात टाकला आणि पुढं गेली. तेव्हापासून एल्मर ती दारू विकायची त्या खिडकीशी गेला की एकच उत्तर मिळायचं: “संपली.” मागं बाटल्यांची रांग उभी असायची.

पुढच्या शनिवारी टेबलावर बसल्यावर पुगोच्या कागदाचं काय करायचं हा प्रश्न आला. माणूस मेला की कागदावर फुली मारायची, असा रिवाज. एल्मरनं पेन उचललं, ठेवलं. पुन्हा उचललं. शेवटी पेन्सिलनं एका कोपऱ्यात लिहिलं: ‘दारू आणायला गेलाय.’ जोव्हेलिननं वाचलं आणि ती फासे पुसायला लागली. डेक्स्टर खिडकीबाहेर पाइनची झाडं बघायला लागला, जशी काही ती आजच उगवली होती.

मग ती रीतच पडली. खेळ सुरू होताना कुणीतरी विचारायचं, “पुगो कुठंय?” आणि एल्मर म्हणायचा, “दारू आणायला गेलाय.” गुत्ता लांब आहे, रस्त्यात पूर आलाय, गुत्तेवाल्याच्या मुलीचं लग्न आहे, दर आठवड्याला नवीन सबब. तीन वर्षं हे चाललं, आणि आणखी तीस वर्षं चाललं असतं.

पण जोव्हेलिनला कॅनडात नोकरी लागली. सोमवारचं विमान. म्हणजे शनिवारचा खेळ शेवटचा. अकरा वर्षांची गोष्ट त्या दुपारी संपवायची होती. आणि घोडं अडलं ते इथंच. शेवटच्या दारावर बसलेला ड्रॅगन पुगोच्या दारूशिवाय दार उघडणार नाही, हे एल्मरनं स्वतःच कधीकाळी मोठ्या थाटात गोष्टीत घालून ठेवलं होतं. नियम म्हणजे नियम. गोष्टीत पुगोची दारू प्यायली जाणार, तर टेबलावरही तीच हवी. दुसरी दारू पुगोची म्हणून खपवायचा प्रयोग त्यानं एकदा केला होता. डेक्स्टरनं एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि इतक्या दुःखानं बघितलं की एल्मरनं पुन्हा तो विचार केला नाही.

तेव्हा त्याच्या आधीच्या रविवारी एल्मर नाक मुठीत धरून रुफिनाच्या खिडकीशी गेला.

“काय पाहिजे?”

“तापुय, मनांग. एकच बाटली.”

“संपली.”

“त्या मागच्या...”

“त्या शोभेच्या आहेत.”

“मनांग, त्या रुमालावरचं... ते निष्ठा दोन. ते तुमच्या दारूला नव्हतं.”

“मग कुणाला होतं?”

“म्हणजे, दारूलाच होतं. पण...”

“आत ये,” रुफिना म्हणाली. “बाटल्या धू.”

मागच्या अंगणात साठ बाटल्या होत्या आणि टाकीचं पाणी बागिओच्या डिसेंबरचं. पंधराव्या बाटलीला एल्मरची बोटं त्याची राहिली नाहीत. रुफिना समोर पाटावर बसून शेंगा सोलत होती आणि मधून मधून म्हणत होती, “तळ घास. तुझ्या त्या यंत्रांचा तळ घासतोस की नाही?” विसाव्या बाटलीला तिनं त्याच्या हातात फोन दिला, आवाज येत नाही म्हणून. आवाज कुणीतरी बारीक करून ठेवला होता. एल्मरनं मोठा केला आणि गंभीर चेहऱ्यानं परत दिला. खरं सांगायची ही वेळ नव्हती.

मग तिनं एका डब्यातून तो रुमाल काढला. तीन वर्षांची घडी. “हे सांग. दोन का?”

खोटं बोलायला एल्मरची बोटं फार गारठली होती. “त्या दिवशी त्या दारूनं मला सगळ्यांसमोर रडवलं म्हणून.”

“हं,” रुफिना म्हणाली आणि आणखी चार शेंगा सोलल्या. “बाटली कशाला पाहिजे?”

“सभा आहे.”

“कसली?”

आता इथं माणसानं काहीही सांगावं. वाढदिवस, बारसं, शाळासोबत्यांची भेट. पण एल्मरनं चार वर्षं एकच सबब ऐकली होती, आणि घाबरल्यावर तीच तोंडातून बाहेर पडली. “निवृत्त खाणकामगार संघटनेची.”

रुफिनानं हातातली शेंग खाली ठेवली.

“तू कधी उतरलास रे खाणीत?”

“मी... पाहुणा म्हणून बोलावलंय.”

“आदिंग, त्या संघटनेच्या जन्मात दोन सभा झाल्या. पहिली ती काढायला, दुसरी अध्यक्ष कोण यावरून भांडायला. दोन्ही ह्याच अंगणात. भांडण मी सोडवलं, झाडूनं. त्यानंतर माझा नवरा चार वर्षं दर शनिवारी तिसऱ्या सभेला जात होता.”

एल्मरच्या हातातली बाटली टबात पडली. फुटली नाही, तेवढं नशीब.

“मला वाटलं, बाई आहे,” रुफिना म्हणाली. “इस्त्रीचा शर्ट, केसाला तेल, कोटात बाटली. सभेला कुणी तेल लावून जातं का? एका शनिवारी गेले मागोमाग. छत्री घेतली होती. पाऊस नव्हता.” ती थांबली, शेंगा एका बाजूला सारल्या. “तुझ्या जिन्यावर उभी राहिले. आतनं ह्याचा आवाज आला: ‘मारू नका रे त्याला, लेकरू आहे, भुकेलंय.’ मग काहीतरी टेबलावर घरंगळलं. आणि हा हसला. एकतीस वर्षं हा माणूस खाणीतनं वर यायचा, भात खायचा, झोपायचा. हसताना मी त्याला लग्नात पाहिला होता, तोही फोटोवाल्यानं दम दिला म्हणून. मी जिन्यावर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मग घरी आले आणि चांगल्या बाटल्या पुढच्या फळीवर मांडल्या. तोवर बिचारा मागच्या, आंबलेल्या चोरून नेत होता.”

एल्मरला वही आठवली. हवामानाचा परिणाम.

“मग मला का देत नव्हतात, मनांग? मला वाटलं, त्या रुमालामुळं.”

“रुमाल गेला खड्ड्यात. मी वाट बघत होते तू सांगायला येशील म्हणून. माझा नवरा शनिवारी कोण असायचा ते तुम्हां तिघांना माहीत, मला नाही. तीन वर्षं माझ्या दारावरनं जातोस. आणि आज आलास तो बाटली मागायला.”

एल्मरला लाज वाटली. शपथ, गुपित, असली कारणं सुचत होती, पण एकही तोंडातून काढायच्या लायकीचं नव्हतं. दिवसकार्यातच तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं आणि तिच्या जिभेच्या भीतीनं तो गेला नव्हता. तो उपड्या खोक्यावर बसला आणि सांगायला लागला. पुलावरचा राक्षस, लांडगे, शेंगांचं कालवण, कढई डोक्यावर घेऊन नदीत पडलेला पुगो, राणीनं हात पुढं केला तर तिच्या हातावर रताळं ठेवणारा पुगो. रुफिना मधेच म्हणायची, “मीठ जास्त झालं असेल, त्याला मिठाचा अंदाज नव्हता.” जेवायची वेळ झाली तरी दोघं उठले नाहीत.

“त्याचा कागद आहे म्हणालास. बघू.”

एल्मर चढ धावत चढला आणि कागद घेऊन धापा टाकत परत आला. रुफिनानं चष्मा लावला. कालिक्तोचं गिचमीड अक्षर. नाव: पुगो. बळ: सहा. कौशल्य: कुणालाही जेवू घालणे. भीती: बायको.

ती हसली, तोंडावर पदर नव्हता म्हणून हाताचा पंजा धरून. मग तिची नजर कोपऱ्यातल्या एल्मरच्या अक्षरावर गेली आणि तिथंच राहिली.

“हे पेन्सिलनं का लिहिलंयस?”

“पेनानं जमलं नाही.”

तिनं कागद परत दिला. “शनिवारी किती वाजता?”

“दोनला. बाटली नेऊ का, मनांग?”

“नाही,” रुफिना म्हणाली. “चाळीस बाटल्या राहिल्यात. त्या धू आणि जा.”

शनिवारी टेबलावर एताग होता, शेंगांचं कालवण होतं, आणि एका जुन्या मातीच्या सुरईत बाजारातली स्ट्रॉबेरीची वाइन होती. एल्मरनं ती अशी एका कडेला ठेवली होती की कुणाचं लक्ष जाऊ नये. जोव्हेलिनचं सामान बांधून झालं होतं. तिच्या पायाशी एक पिशवी होती, तिच्यात फक्त फासे आणि तिचा कागद. चौथी खुर्ची नेहमीसारखी रिकामी.

अडीच वाजता ड्रॅगननं दार अडवलं. एल्मरनं त्याचा आवाज काढला, पण आज त्याला जोर नव्हता. “पुगोची दारू आणा, नाहीतर मागं फिरा.”

जोव्हेलिननं सुरईकडं पाहिलं, मग एल्मरकडं. तिला सगळं कळलं होतं. तरी तिनं विचारलं, शेवटचं विचारायचं म्हणून, “पुगो कुठंय?”

एल्मरनं तोंड उघडलं आणि त्याला सबबच सुचेना. तीन वर्षांत पहिल्यांदा. तेवढ्यात जिना वाजला. एकेक पायरी, मधे थांबून, कुणीतरी जड काहीतरी वर आणतंय अशी.

दारात मनांग रुफिना उभी होती. अंगात नवऱ्याचा खाणीतला कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या, कमरेवर तापुयचं आख्खं मडकं. डेक्स्टर उठला, तिनं त्याला हातानंच बसवलं. मडकं टेबलावर ठेवलं, चौथी खुर्ची ओढली, बसली. पळीनं पेला भरला, पहिला घोट जमिनीवर सांडला. मग एल्मरच्या समोरचा पुगोचा कागद आपल्याकडं घेतला आणि हात पुढं केला. एल्मरनं त्या हातावर खोडरबर ठेवलं. तिनं कोपऱ्यातली ओळ सावकाश खोडली, भुगा फुंकला.

डेक्स्टरनं विचारलं, “पुगो, एवढे दिवस कुठं होतास?”

रुफिनानं चष्म्यावरून तिघांकडं पाहिलं.

“येणारच होतो रे,” ती म्हणाली. “बायको सोडत नव्हती.”